श्वासाच्या खुणा

ताईच्या धंद्यात स्वरलिपी काढायची नसते, टाइप करायची असते. स्वरासाठी अक्षर, लांबीसाठी आकडा, श्वासाच्या खुणेसाठी एक छोटा शब्द; मग संगणक त्या मजकुरातून पाच रेघांवरची सुबक पानं करून देतो. लिहिलं ते छापलं जातं, नाही लिहिलं ते जात नाही. या एका भरवशावर तिने वीस वर्षं काढली होती. माणसांवर तिचा एवढा विश्वास नव्हता.

आजचं काम घरचं होतं. धाकटी बहीण वाद्यवृंदात बासरी वाजवायची. फुप्फुसाच्या दुखण्यातून ती नुकतीच उठली होती आणि उद्या सकाळी तिची परीक्षा होती. दम पुरला नाही, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. वाजवायची होती वाद्यवृंदाच्या दिवंगत मास्तरांची रचना. हस्तलिखिताची चार पानं, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि श्वासाची एकही खूण नाही.

"मास्तर पियानोवाले. बोटांना कुठे दम लागतो?" ताई म्हणाली.

"मग तू घाल ना खुणा," धाकटी खोकत म्हणाली. "दम कोंडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय."

दोन उभ्या रेघांमधलं एक घर. अशा दर दोन घरांनंतर ताईने खूण घातली. एकूण अठ्ठेचाळीस. छापलेली पानं धाकटी परस्पर उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली.

ताईने संगणकाच्या पडद्यावर नजर टाकली. पानांवर खुणा नव्हत्या.

मजकुरात सगळ्या जागच्या जागी होत्या. चुकीची सूचना कुठेच नव्हती. तिने पुन्हा पानं काढली, खुणा नाहीत. कोऱ्या पानावर एकटी खूण छापून पाहिली, ती व्यवस्थित आली. मास्तरांच्या स्वरांवर तेवढी येत नव्हती. तिने हस्तलिखित खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. दर दोन घरांनंतर कागद पात्याने खरवडलेला होता.



आत बासरी सुरू झाली होती. ताई सवयीने घरं मोजू लागली.

चार. सहा. गेल्या आठवड्यात धाकटी इथेच धाप लागून अडली होती.

दहा. सोळा.

ताईने नकळत श्वास रोखला होता. तो तिला सोडावा लागला, घ्यावा लागला, परत सोडावा लागला. आतला स्वर तुटला नाही.

चाळीस.

ती धावत दारात गेली. धाकटी खिडकीपाशी उभी होती, चेहरा शांत, खांदे स्थिर. शेवटच्या घरापर्यंत वाजवून तिने बासरी खाली घेतली. खोकला नाही, धाप नाही.

"खुणा नाही घातल्यास ते बरं केलंस, ताई. उद्याची काळजी मिटली."

"अगं, पण तू श्वास कुठे घेतलास?"

"लागलाच नाही गं."

इतकी खूश ती कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. ताईला तिच्याजवळ जायची भीती वाटली.

वाजवून झालं की फुंकरीच्या वाफेचं पाणी नळीत साठतं. धाकटीने नेहमीप्रमाणे काठीला फडकं गुंडाळलं, बासरीतून आरपार फिरवलं, बाहेर काढलं. मग ते कोरडंच निघालेलं फडकं नीट घडी करून पेटीत ठेवलं आणि उद्याच्या कपड्यांना इस्त्री करायला घेतली.