गुडघ्याखालचा हात

एकोणीसशे अडुसष्टची गोष्ट. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, भागीच्या, डाव्या गुडघ्याला हाडाचा क्षय झाला होता. पाय प्लास्टरमध्ये, रोज सुई, आणि दर तीन महिन्यांनी कन्हानहून बसने नागपूरला जाऊन गुडघ्याचा फोटो काढायचा. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "हाड भरत गेलं तर पाय वाकेल. नाही भरलं तर ऑपरेशन करून गुडघा कायमचा सरळ जखडावा लागेल."

दुसऱ्या खेपेला मी एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. भर दुपार, पण आत काळे पडदे, आणि ओल्या फिल्मचा आंबूस वास. यंत्र घुरघुरून थांबलं. बऱ्याच वेळाने फोटो काढणारे शालिकराम ठिबकणारी फिल्म घेऊन बाहेर आले.

"काहून बाई, पाय काहून धरला तुम्ही? पाय हलू नये म्हणून वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या ना मी!"

"मी तं इथंच बसून होती, भाऊ."

त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली. गुडघ्याखाली एका पंज्याची हाडं होती. पाच बोटं, खालून गुडघा तोलून धरलेली.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली, पण ते म्हणाले, "हाड मात्र भरतंय."

मला शालिकरामांचाच संशय आला. दार लावून हा माणूस आत कोणाला घेतो? बसमध्ये भागीला हळूच विचारलं.

"कोणीच नव्हतं वं आई. गुडघ्याले थंड लागे फक्त... बरं वाटे."

फोटो ज्याचे त्याने घरी सांभाळायचे असत. माझ्या जाऊबाई, रंभाबाई, त्या फोटोला हात लावेनात. "परक्याची सावली लेकराजवळ ठेवून राहिली तू? अक्कल गहाण टाकली का वं? झाकून टाक तिले."

मी घरचं काजळ घेतलं आणि एकेक बोट बुजवलं.

तिसऱ्या फोटोत हात नव्हता. शालिकराम खूश. डॉक्टरांनी दोन्ही फोटो उजेडावर लावले. जुन्यावरच्या काजळाकडे पाहिलं, मग नव्याकडे. भरलेलं हाड पुन्हा पोखरलं होतं.

"सुया चुकवल्या?"

"एकबी नाही, साहेब."

"मग ऑपरेशनची तयारी ठेवा. महिन्याने शेवटचा फोटो काढू."

घरी येताच मी खोबरेल तेलाच्या बोळ्याने काजळ पुसलं. खालून बोटं निघाली, जशीच्या तशी. "पुन्हा धर वं माय," मी पुटपुटले. "कोण आहेस, ते मी विचारणार नाही..."

शेवटच्या फोटोत हाड भरलं होतं. डॉक्टरांनाही नवल वाटलं. ऑपरेशन टळलं. काही दिवसांनी प्लास्टर कापलं, भागीने गुडघा थोडासा वाकवला आणि हसली. मी तिथेच रडले.

मग तो फोटो मी नीट पाहिला. हात होता. पण गुडघ्याखाली नव्हता. तो वर सरकला होता. फिल्मच्या वरच्या काठाशी नुसतं मनगट दिसत होतं. पंजा काठापलीकडे गेला होता.

मी शालिकरामांकडे धावले. "भाऊ, याच्या वरचा फोटो काढा ना... मांडीचा... पोटाचा... छातीचा..."

"काहून?"

मी काठावर बोट ठेवलं. त्यांनी पाहिलं आणि फिल्म घाईने पाकिटात सरकवली.

"डॉक्टरसाहेबाच्या चिठ्ठीशिवाय नाही काढता येत, बाई." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "अन् ते तं म्हणतात... पोरगी बरी झाली."