थबक

सोलापूरच्या विज्ञानघरात ‘हात लावू नका’ अशी पाटी कुठंच नव्हती. उलट हात लावायला उशीर झाला की मूल नापास व्हायचं.

करुणा वाघमारेला हे दारातच सांगितलं होतं. तिला वाटलं, चला, सोपं आहे. तिची आठ वर्षांची पोर संबोधी घरातला बंद पंखासुद्धा खोलून बसायची. सुधाकरनं, म्हणजे पोरीच्या बापानं, परीक्षेसाठी आज रजा टाकली होती.

परीक्षा अशी होती. एखादी वस्तू मनात भरली की डोळ्याची बाहुली मोठी होते. त्या क्षणापासून बोटं वस्तूला टेकेपर्यंत जो वेळ जातो, त्याला शास्त्रज्ञांनी ‘थबक’ असं नाव दिलं होतं. वरचा कॅमेरा बाहुली बघायचा, उपकरणाच्या मुठीतलं यंत्र बोटं ओळखायचं. थबक कमी म्हणजे कुतूहल दांडगं. साठ उपकरणांची सरासरी एका सेकंदाच्या आत आली, तर मूल संशोधन शाळेत. त्याच्या वर गेली, तर सेवा शाळेत. तिथं झाडणं, पुसणं आणि उचलणं शास्त्रशुद्ध शिकवायचे. सगळ्या मुलांना यंत्र एकच, म्हणून याला समान संधी म्हणायचे. म्हणणाऱ्यांची पोरं कुठल्या शाळेत होती, ते विचारायचं नाही.

संबोधी तरफेसमोर उभी राहिली. लांब दांडा, पलीकडच्या टोकाला खुर्ची. तिचे डोळे चमकले, हात पुढं झाला, आणि तिनं वळून आईकडं बघितलं. करुणानं मान हलवली. मग पोरीनं दांडा धरला.

पुढं तिनं बापाला खुर्चीत बसवलं आणि टेकू सरकवत राहिली.

“पप्पा, हलू नका की! पोत्यासारखं बसा.”

“पोतंच झालोय गं. उचल आता.”

दहा मिनिटांत तिनं सत्तर किलोचा बाप एका हातानं उचलला. शेजारच्या उपकरणाचा दांडा तेवढ्यात एका पोरीनं उपटून काढला. पडद्यावर ०.३ आलं. तिच्या घरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

साठ उपकरणं. साठ वेळा संबोधीनं वळून बघितलं, साठ वेळा करुणानं मान हलवली. निकाल आला ३.१.

“ताई, वाईट वाटून घेऊ नका,” डॉ. अमला देवस्थळी म्हणाल्या. थबक त्यांनीच शोधली होती. “प्रत्येकाला कुतूहल असतंच असं नाही.”

“मॅडम, तिनं बाप उचलला.”

“हात लावल्यानंतरचं आम्ही मोजत नाही. ते शिकवता येतं.”

“ती थांबली नव्हती हो. माझ्याकडं बघत होती. मी बंगल्यांत काचसामान पुसते. पोर दोन वर्षांची होती तेव्हापासून सोबत न्यायचे. तिला सांगून ठेवलंय, लोकांच्या वस्तूला हात लावायचा नाही. लावावासा वाटला तर आधी माझ्याकडं बघ. मी मान हलवली तरच.”

“यंत्राला फक्त वेळ कळतो, ताई. चाळीस हजार मुलं तपासून आम्ही हे ठरवलंय.”

“त्यात काचा पुसणारीची पोर किती होती?”

बाई खऱ्याखुऱ्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, “तो रकाना नव्हता.”

“मग आता घाला.”

“आता सगळं राज्य यावर चालतंय. सहा महिन्यांनी फेरपरीक्षा आहे. सरावानं थबक कमी होते. तिची ती सवय तेवढी मोडा.”

त्यांनी सरावासाठी कॅमेऱ्याची एक डबी दिली, बाहुली आणि बोटं दोन्ही बघून आकडा दाखवणारी. करुणानं ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि सहा वर्षांची शिकवण स्वतःच्या हातानं उपटायला घेतली. संबोधी वळली की ती पाठ फिरवायची. “माझ्याकडं काय बघतीस? हात लाव!” पोरगी पहिले आठ दिवस रडली. सुधाकर म्हणाला, “अगं, लेकरू आहे ते.” करुणा म्हणाली, “म्हणूनच. मोठी झाल्यावर हिला फडकं देतील हातात.” चमचा, कात्री, शेजारणीचं शिलाई मशीन. दोन पूर्णांक चार. दीड. एक पूर्णांक एक. तिथंच आकडा अडला.

फेरपरीक्षेच्या दिवशी सकाळी करुणानं शेवटची भाकरी उतरवली आणि डबा भरायला वळली. चुलीवर रिकामा तवा होता. काळा, गोल, वरची हवा थरथरत होती. चुलीशी उभ्या संबोधीनं असली हवा कधी निरखली नव्हती.

चर्र असा आवाज आला.

करुणा धावली. पोरीचे ओठ पांढरे पडले होते, बोटं वर धरलेली, डोळ्यांतून पाणी.

“आई, मी बघितलं नाही गं तुझ्याकडं. किती आलं?”

पोरीचा हात नळाखाली धरायचा होता. पण त्याआधी करुणाची नजर फळीवर गेली.

०.४.

संबोधी तिच्या तोंडाकडं बघत होती. आणि करुणाची मान हलली.