पलीकडचे सांधे

आमचं घर पडेगावच्या पुढं, अगदी कडेला. मागं उघडा माळ, बाभळी आणि लांबवर देवगिरीचा डोंगर. मोकळं आहे म्हणूनच ही जागा घेतली होती. मग सासरे, कडुबा, पिशोरहून आमच्याकडं राहायला आले आणि तोच मोकळेपणा नडायला लागला. त्यांचं विसरणं फार पुढं गेलं होतं. अनवाणी मागच्या दारानं निघायचे. एकदा हायवेवर, ट्रकच्या रांगेत सापडले. म्हणून मागं भिंत; बाकी तिन्ही बाजूंना कुंपण होतंच.

गवंडी मिळेना. माझा नवरा पुंडलिक वाळूजला कंपनीत फिटर आहे, मोजमापाला पक्का. म्हणाला, "आपणच बांधू." शेजारच्या हबीबभाईंनी थापी आणि ओळंबा दिला. मी सिमेंटचा माल कालवायची, तो ब्लॉक बसवायचा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगायची सवय आहे, आणि तेवढंच सांगते.

आम्ही फक्त आतल्या बाजूनं काम करत होतो. सांध्यांतून माळाकडं ओघळलेला माल नंतर खरवडू, असं ठरलं होतं. काही थर झाल्यावर मी वळसा घालून तिकडं बघायला गेले.

ओघळ नव्हतेच. सगळे सांधे बोटानं फिरवल्यासारखे गुळगुळीत होते. ब्लॉक ओले, कुणीतरी नुकतंच पाणी मारल्यासारखे. खालची माती मात्र कोरडी. तिच्यावर पावलाचा ठसा नव्हता.

"तुम्ही केलं हे?" मी पुंडलिकला विचारलं.

"मला वाटलं, तू केलंस."

हबीबभाईही नाहीच म्हणाले. "मैं कायकू जाऊं उधर, भाभी? काँटेच काँटे हैं."

बाबा खुर्चीत बसून आमच्याकडं बघत होते.

"त्यो लावतोय की पलीकडनं," ते म्हणाले.

"कोण, बाबा?"

"त्यालाबी आपलं माणूस आडवायचंय."

पुंडलिक हसला. पण त्या दिवशी त्यानं काम लवकर आवरलं.

पुढच्या रविवारी भिंत छातीच्या वर गेली. इकडं थापीनं ब्लॉक ठोकला की तिकडून तसाच आवाज यायचा. पुंडलिक म्हणाला, आवाज घुमतोय. मग त्यानं थापी खाली ठेवली.

पलीकडं आणखी एकदा ठोकलं गेलं. आणि थांबलं.

मी टाचा उंचावून वरून बघितलं. ऊन होतं, गवत हलत होतं.

"सोडून द्यायचं का?" मी विचारलं.

"आन् बाबा परत हायवेवर गेले तर?"

मी माल कालवायला घेतला.

शेवटचा ब्लॉक भर दुपारी बसला. हात धुवायला वळलो, तर बाबांची खुर्ची रिकामी. पुढच्या फाटकाला आतून कुलूप होतं. आम्ही घरभर हाका मारल्या. शेवटी पुंडलिक स्टुलावर चढला आणि त्यानं भिंतीवरून डोकावलं.

बाबा पलीकडं उभे होते. भिंतीला पाठ टेकून.

तो फाटकातून वळसा घालून धावत गेला आणि हाताला धरून त्यांना घेऊन आला. मी त्यांचे पाय धुवायला घेतले. तळवे आधीच स्वच्छ होते.

तेव्हापासून बाबा शांत आहेत. दाराकडं जात नाहीत. कारलं त्यांनी जन्मात तोंडात घातलं नव्हतं, आता मागून घेतात. डॉक्टर म्हणाले, या आजारात आवडी बदलतात. बदलत असतील. पुंडलिक आता त्यांच्या तोंडाकडं फार वेळ बघत नाही.

काल दुपारी मी मागं वाळलेले कपडे काढत होते. बाबा बाजेवर शेंगा सोलत बसले होते.

भिंतीपलीकडून हाक आली.

"पुंडल्या, दार उघड रं. मला घरी यायचंय."

बाबांचा आवाज.

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. बाजेवरच्या माणसाची बोटं थांबली. त्यानं भिंतीकडं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही.

मग पलीकडं एक बाई बोलली, अगदी समजुतीनं, माझ्याच आवाजात.

"हेच आपलं घर आहे, बाबा. चला, जेवून घ्या."

पलीकडंच एक दार लागल्याचा आवाज आला. बाजेवरचा माणूस पुन्हा शेंगा सोलायला लागला.