मुदतीची शेवटची दुपार

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. वकिली करणाऱ्या बाईला जिवंत माणसंच पुरून उरतात. पण त्या दुपारचं कोडं मला अजून सुटलेलं नाही, आणि न सुटलेलं काही उशाशी घेऊन झोपायचा माझा स्वभाव नाही.

काम तसं साधं होतं. लेथचा छोटा कारखाना चालवणारे एक काका माझे अशील. एका बड्या कंपनीने त्यांच्यावर दावा लावला होता, तुम्ही आमच्या मालाची नक्कल करता, यंत्रं बंद करा म्हणून. मधेच काका इस्पितळात पडले आणि लेखी उत्तर द्यायची मुदत टळली. व्यापारी दाव्यात पटेल असं कारण दाखवलं तर उशीर माफ होतो. पण त्यालाही एक शेवटचा दिवस असतो. तो उलटला की न्यायाधीशांचेसुद्धा हात बांधलेले. काकांचं म्हणणं न ऐकताच कारखान्याला कुलूप लागलं असतं. तो शेवटचा दिवस उजाडला होता, आणि माफीच्या अर्जावर काकांनी स्वतः येऊन शपथ घ्यायला हवी होती.

कोर्टातल्या शपथेच्या खोलीबाहेर मी घिरट्या घालत होते. काकू फोन उचलत नव्हत्या. एवढ्यात जिन्याकडून फिनेलचा वास आला. वळून बघते तर काका भिंतीला धरून उभे. एकटेच.

शपथ देणारे अधिकारी महाखडूस. आम्ही त्यांना 'चिमटा' म्हणायचो. चेहरा आणि ओळखपत्र ताडून पाहिल्याशिवाय ते शिक्क्याला हात लावत नसत. त्यांनी काकांना नीट न्याहाळलं, अर्ज मोठ्याने वाचायला लावला. 'मी आजारी आहे' या ओळीशी काका थांबले.

"आहे नको... होतो, असं करा," ते हळूच म्हणाले.

"बरं वाटतंय ना, काका?"

"आता काही दुखत नाही."

मला हायसं वाटलं. दुरुस्ती झाली, सही झाली, खिडकी बंद व्हायच्या आत अर्ज दाखल झाला. पोच घेऊन वळते तर काका नाहीत. गेले असतील तडक कारखान्यात, म्हणून मी मनाशी हसलेसुद्धा.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज बसलेला. काका सकाळीच वॉर्डात वारले, धावपळीत तुम्हाला कळवायचं राहून गेलं, आता मुदतीचं कसं, असं त्या विचारत होत्या. मी पिशवीतून पोच काढून तिच्यावरची वेळ पाहिली.

कंपनीच्या वकिलाला मृत्यूची तारीख कळायला वेळ लागला नाही. सही खोटी आहे, अर्ज फेटाळा, असा त्याने धोशा लावला. चिमटा मात्र हटेनात. माणूस माझ्यासमोर उभा होता, एवढंच त्यांचं म्हणणं. मला खरं तर घाबरायला हवं होतं. पण उत्सुकतेनेच जीव जात होता. जिना चढताना ते कुणाला दिसले असतील का?

सुनावणीला काकू माझ्या शेजारी, बाकाच्या टोकाला बसल्या. वारस म्हणून त्यांचं नाव लागायचं होतं, त्यामुळे कोर्टाच्या त्या दिवशीच्या यादीत अजून काकांचंच नाव होतं. पट्टेवाल्याने रिवाजाप्रमाणे दारात जाऊन काकांच्या नावाचा पुकारा केला. एकदा... दोनदा... त्याला थांबवायला मी उठणार, तोच तिसऱ्या पुकाऱ्याला व्हरांड्यातून उत्तर आलं.

"हजर..."

न्यायाधीश बाईंनी मान वर केली. पट्टेवाला बाहेर बघत तसाच उभा, काही केल्या आत वळेना. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग लघुलेखकाला हलक्या आवाजात म्हणाल्या, "लिहा... उशीर माफ."

कंपनीच्या वकिलाने आपली फाईल मिटली. कारखान्याची बाजू आता ऐकली जाणार होती. मी आनंदाने काकूंकडे वळले. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्या अंगाला अंग लागेपर्यंत आत सरकल्या आणि बाकाच्या टोकाला त्यांनी एका माणसापुरती जागा करून दिली.