गोठ्याच्या व्हॉल्व्हला बांधलेली चिंधी

ही घटना शंभर टक्के खरी आहे. साक्षीदार तीन आहेत. आई बाहेरच्यांसमोर तोंड उघडत नाही, थोरला भाऊ माझ्याशी बोलत नाही आणि तिसरी गाय आहे.

रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती. आमचा पंप वीज असेल तेव्हाच चालतो, त्यामुळे भुतालाही आमच्याकडे वेळापत्रक पाळावं लागतं.

विहीर घरामागे, गोठा पार टोकाला. बाबांनी हयातभर तिथं नळ घेऊ दिला नाही. "नळ आला की पाणी वाया जातं," म्हणायचे.

वाया गेली ती आईची कंबर. बादल्या वाहून वाहून.

बाबा गेले. मी गुडघाभर चर खणला, विहिरीपासून गोठ्यापर्यंत पाइप पुरला, टोकाला नळ उभा केला. आईला समोर उभं करून पंप लावला.

नळातून आवाज आला...

"हं."

पाणी नाही. नुसतं हं.

एखादी गोष्ट पटली नाही की बाबा एवढंच म्हणायचे.

प्लंबर म्हणाला, "हवा अडकलीय, साहेब." डॉक्टरला कळलं नाही की व्हायरस, याला कळलं नाही की हवा.

विहिरीजवळ व्हॉल्व्हसाठी बांधलेल्या चेंबरचं झाकण मी काढलं.

व्हॉल्व्ह बंद. सकाळी मीच उघडला होता.

तडक दादाकडे गेलो.

"लाज वाटते का रे? आईनं मरेपर्यंत बादल्याच उचलायच्या का?"

"तुझ्या व्हॉल्व्हला मी कशाला हात लावू? बाबांचा लाडका तू. त्यांनाच विचार."

पुढचं लिहिण्याजोगं नाही.

चेंबरला कुलूप ठोकलं. किल्ली माझ्या खिशात. दुसऱ्या दुपारी पंप लावला...

"हं."

कुलूप जसंच्या तसं. आत व्हॉल्व्ह बंद. आणि त्याच्या दांड्याला करकचून बांधलेली, निळ्या पट्ट्यांची चिंधी.

घरातला प्रत्येक नळ बाबा असाच बांधायचे. थेंब गळू नये म्हणून.

चिंधी त्यांच्या पायजम्याची होती.

त्याच पायजम्यात आम्ही त्यांना शेवटचं पोचवून आलो होतो...

मी मागे सरलो. आई नाही. कमरेवर हात दाबत ती चेंबरपाशी वाकली.

"अहो," ती आत बघून म्हणाली, "इतकी वर्षं ऐकलं, कारण घर तुमचं होतं. आता माझं आहे. सोडा तो व्हॉल्व्ह."

आवाज चढवला नाही. माझ्या लग्नानंतर इतक्या रागात मी तिला पाहिलं नव्हतं.

तिनं चिंधी ओढून तोडली. दांडा फिरवला.

गोठ्याकडून धारेचा आवाज आला.

संध्याकाळी दादाची माफी मागायला गेलो. त्यानं दार उघडलं नाही. आतून फक्त "हं" आलं. ते त्याचंच असावं, असं मी धरून चाललोय.

नळाला आता पाणी व्यवस्थित येतं. गाय ते हुंगते आणि मागे सरते.

आई बादलीनंच पाणी नेते.