वन्संचं शेवटचं तेल

माझी नणंद ओर्तेन्सिया म्हणजे संशयाचं पोतं! आमच्या डोंगरात रीतच आहे, आपली ऑलिव्हं दगडाखाली पडल्यापासून तेल निघेपर्यंत आपण तिथं उभं राहायचं. नाहीतर गिरणीवाला हात मारतो. वन्सं तर अंगात ताप असतानाही उभ्या राहायच्या. ऑक्टोबरात मरताना माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "यंदाचं तेल माझ्या लेकीला, जिनेव्राला. थेंबाचीही भेसळ नको. उभी राहशील ना गं?" राहीन म्हटलं. मरणाऱ्याला नाही कोण म्हणतं?

पण तोरिनो शहरात राहणाऱ्या त्या नटवीला तेलातलं डोंबल कळतंय! नोव्हेंबरातल्या एका दुपारी वन्संची ऑलिव्हं घेऊन मी पाणचक्कीवर गेले. गिरणी दोनशे वर्षांची, आणि चालवणारा इलारिओ एक नंबरचा ऐदी.

"यातलं तेल माझ्या घरी," मी बजावलं. "भाचीच्या डब्यात तुझं ते मिसळीचं ओत. आणि आधी माझं चेस्टनटचं पीठ दळून दे."

"ओर्तेन्सियाबाईंना कळलं तर?" तो खिदळला.

"तू जातोस का वर, सांगायला?"

ओढ्याचं पाणी एका वेळी एकच दगड फिरवतं. इलारिओनं पाट पिठाच्या जात्याकडे वळवला, तेलाचा दगड वन्संच्या ऑलिव्हांवर तसाच थांबला. मी बाकावर बसले. आत अंधार, ओल्या भिंती, ठेचलेल्या ऑलिव्हांचा कडवट वास... आणि पाठीमागं घर्र... घर्र...

तेलाचा दगड फिरत होता.

"मेल्या, पाट नीट बंद कर!"

"बंदच आहे, बाई..." इलारिओ कुजबुजला.

मी वाकून पाहिलं. तिकडचा पाट कोरडा ठाक होता. दगड फिरतच राहिला, सावकाश, एकही फळ न सोडता. मग तेल दाबून काढायचा स्क्रू कुणी हात न लावता खाली उतरला, आणि जिनेव्राच्या डब्यात हिरवंगार तेल पडू लागलं. इलारिओ गुडघ्यांवर बसून देवाचा धावा करू लागला.

"भित्रट कुठला!" मी ओरडले, आणि त्याच्याआधी मीच बाहेर पळाले.

अर्ध्या तासात घर गाठलं. दार उघडते तोच फोन वाजला. तोरिनो गाडीनं तीन तासांवर आहे, हे ध्यानात ठेवा.

"मामी, तेल पोचलं हं," जिनेव्रा अगदी शांतपणे म्हणाली. "अजून कोमट आहे."

"कुणी... कुणी आणलं?"

"इथंच बसलीय. तुझ्याशी बोलायचंय म्हणते... देऊ?"

नको म्हणायला मी तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला मला स्वच्छ ऐकू आला.