हाताआडचा होकार

"जरा हात काढता?" तो म्हणाला.

ना नमस्कार ना चमत्कार, आणि थेट हात काढा! चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिने आजवर नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण असलं कुणी आलं नव्हतं. काडी मोडलेला चष्मा त्याने काचेवर ठेवला होता आणि तो टक लावून बघत होता तिच्या तोंडाकडे. म्हणजे, तोंडावर तिने जो पंजा पसरून ठेवला होता त्याच्याकडे.

त्या पंजाला कारण होतं. नुकतेच तिच्या दातांवर, ते सरळ करायला, खातापिताना काढून ठेवायचे पारदर्शक अलाइनर चढले होते. वरचा एक दात लहानपणापासून शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलून बसलेला. त्याला वठणीवर आणायचं तिने तिशीच्या तोंडावर ठरवलं. "लावलंय हे कुणाला कळतसुद्धा नाही हो," असं दातांची डॉक्टरीण म्हणाली होती. तिला काय जातंय म्हणायला! दात आवळून बांधल्यासारखे ठणकत होते, कड जिभेला कुरतडत होती, तोंडात सारखं पाणी सुटत होतं… आणि मुख्य म्हणजे 'स' बाहेर पडताना घसरत होता. आता हिचं पोटच 'स'वर! 'सरळ बसा, समोर बघा, सैल होतोय का…' दिवसभर दुसरं बोलायचं काय? घरी नुसती साखर मागितली, तर ताई हसून हसून ओट्याला टेकली. "परत म्हण ना, परत म्हण!" आईने ताईला दटावलं खरं, पण तोंड फिरवून. तेव्हापासून हिचा हात तोंडावर.

"का काढू?" ती हाताआडून फणकारली.

तो नुसता बघत राहिला.

शिष्ट! तिने मनातल्या मनात शिक्का मारून टाकला. चष्म्याला दुसरी काडी बसवली आणि तो त्याच्या डोळ्यांवर चढवला. काडी कानामागे नीट बसते का हे बोटाने चाचपून बघायचं, ही तिची पद्धत. डावीकडे बसली. उजवीकडे बोट गेलं… आणि थबकलं. कानामागे आधीच कुणीतरी मुक्काम ठोकून होतं. बोटाच्या पेराएवढं, कातडीच्याच रंगाचं यंत्र.

"हां, त्याच्यामुळे काडी तिथे टिकत नाही." त्याचा आवाज जरा सपाट, जरा मोठा होता. "आणि ते लावूनही मला थोडंच ऐकू येतं. उरलेलं मी ओठांवरून वाचतो. तुम्ही तोंडापुढे हात धरलात की माझं दुकान बंद."

तिचा हात आपोआप खाली आला. कान मात्र लाल झाले.

"माफ करा हं. मला वाटलं…"

"शिष्ट वाटलो?"

"थोडे."

"थोडेच?"

"बरेच."

तो हसला. मग मान किंचित तिरकी करून, डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे असा काही बघायला लागला, की तिला वाटलं सरळ काउंटरखाली बसून घ्यावं. जे सगळ्या जगापासून लपवायचं, तेच हा माणूस इतकं मन लावून बघत होता!

"एक विचारू? तुमच्या दातांना वॉर्निश कुणी मारलं?"

"काय?"

"नाही, चकाकी वेगळी आहे. दात असे चमकत नाहीत. समोर रंगाच्या दुकानात नवीनच लागलोय मी. लोक भिंतीचा पोपडा आणून देतात, मी तस्साच रंग जुळवून देतो. चकाकीतला फरक मला लगेच दिसतो."

मग तिने सांगितलं. रेललेला दात, पारदर्शक कवच, ठणका, साखर आणि ताई… सगळं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, हा हसत नाहीये. हसेल कशाला? तिचा घसरलेला 'स' त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. जगात एक तरी माणूस असा निघाला, ज्याच्यापुढे ती पूर्वीसारखीच बोलत होती!

पुढे त्याची काडी टोचायला लागली. मग सैल झाली. मग एकदा, आता टोचत नाही, एवढं सांगायला तो आला. मालकीणबाई गल्ल्यामागून चष्म्यावरून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, म्हणजे पुष्कळच बोलायच्या.

तिला प्रश्नांवर प्रश्न सुचत.

"मिशीवाल्यांचं कसं करता?"

"हो हो म्हणून मान हलवतो. एकाला त्या नादात सगळं घर जांभळं करून दिलं."

"अगं बाई! मग?"

"मग काय, त्याच्या बायकोला आवडलं."

प्रश्न त्यालाही पडत. "दुखतं का हो?"

"दात कुरकुर करतात. त्यांना हलायचं नसतं."

"आणि तुम्हाला?"

"मला… बघायचंय, कुठे जाऊन पोचतात ते."

एकदा तिने विचारलं, "ओठांवर सगळ्यात पटकन काय वाचता येतं?"

"'जाऊ दे.'" तो काडी पुसत म्हणाला. "मी दोनदा 'काय?' विचारलं, की लोक तेच म्हणतात."

तिने त्याच्या हातातून चष्मा घेतला आणि घट्टच असलेला स्क्रू पुन्हा एकदा घट्ट केला.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळीच तिने अलाइनरचा पुढचा जोड चढवला होता. शिवाय त्याची पकड बसावी म्हणून डॉक्टरणीने दातांवर बारीक उंचवटे चिकटवून दिलेले. तोंड म्हणजे नुसतं भाड्याने दिलेलं घर झालं होतं; सामान दुसऱ्याचं, अडचण हिची. नेमका तेव्हाच तो आला.

"टोचतंय?"

"नाही. चष्मा ठीक आहे." तो उगीचच काउंटरवरचा आरसा सरळ करत राहिला. "दुकान सुटल्यावर… कॉफी घ्याल माझ्याबरोबर? काम काही नाही. असंच."

कॉफी! म्हणजे त्याच्यासमोर तोंडात बोट घालून अलाइनर काढायचे, लाळेची तार लोंबणार, मग ते डबीत ठेवायचे… एवढं सगळं क्षणात डोळ्यांपुढून गेलं, तोंड पाण्याने भरलं आणि हात आपला आपण वर गेला.

"हो," ती म्हणाली. "हो, नक्की. सुटले की येते."

तो त्या हाताकडे बघत थांबला. जरा जास्तच थांबला. मग म्हणाला, "बरं. हरकत नाही. कळलं मला."

दार लागलं.

"हरकत नाही?" ती मालकीणबाईंकडे वळली. "हो म्हटल्यावर हरकत नाही कोण म्हणतं?"

"अगं ए शहाणे, तुझं 'हो' मी ऐकलं. त्याला काय दिसलं? तोंडावर हात आणि हे एवढाले डोळे! त्याच्या जागी मी असते तर मीपण पळाले असते."

म्हणजे आपणही त्याला 'जाऊ दे'च म्हणालो की! आणि हा माणूस परत विचारायचा नाही. त्याला वाटणार, चुकलं ते आपलंच.

"बाई, मी आलेच—"

"जा. आणि हात इथे ठेवून जा!"

बाहेर भुरभुर पाऊस होता आणि गाड्यांची रांग संपता संपत नव्हती. पलीकडे, मोठ्या काचेमागे तो डब्याचं झाकण ठोकून बसवत होता. त्याने मान वर केली. ती दिसली. त्याचा हात थांबला.

गाड्या संपायची वाट बघण्याइतका दम तिच्यात नव्हता. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि ती तिथूनच बोलली. ओरडली नाही, आवाजच काढला नाही. नुसते ओठ.

"मघाशी मी हो म्हणाले होते. हातामुळे दिसलं नाही. हो! सगळं तुमच्यासमोर काढीन, लाळबीळ गळेल… बघायची तयारी ठेवा."

शेजारी उभे असलेले आजोबा तिच्याकडे बघून सावधपणे दोन पावलं सरकले. सरकेनात का!

काचेपलीकडे त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग तोही बोलला. तसाच, आवाजाशिवाय. बरंच काहीतरी.

तिला एक अक्षर कळलं नाही.

तिने नाही म्हणून मान हलवली. तो हसला, पुन्हा बोलला, सावकाश. तरी नाही! तेवढ्यात दोन गाड्यांमध्ये जरा फट पडली आणि ती धावत सुटली. कोपराने दार ढकलून आत शिरली तेव्हा केसांवर पाऊस होता आणि श्वास जागेवर नव्हता.

"काय म्हणालात?"

"कधी?"

"आत्ता! काचेतून."

"ते होय…" तो रंगाची बोटं फडक्याला पुसत राहिला. "ते लांबून जमलं. जवळून धीर होत नाही."

"मग परत जाऊ पलीकडे?"

"नको, नको! थांबा."

तो पुढे आला. तिच्या अगदी समोर उभा राहिला आणि तेच पुन्हा म्हणाला, आवाज न काढता. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, पहिलीतलं मूल अक्षरांखाली बोट फिरवतं तशी, एकेका शब्दावर थांबत. तिसरा शब्द 'आवडता' होता, तिथेच तिला कळलं.

तरी तिने त्याला मध्ये थांबवलं नाही. शेवटपर्यंत वाचलं.